रानात मुलांशी काय खेळाल?

मुलांना रानात न्यायचं ठरलं की घरात खरेदीची यादी सुरू होते. नवे बूट, दुर्बीण, होकायंत्र, दोरखंड. यातलं बरंचसं आणलं नाही तरी चालतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला रानात सगळ्यात आधी तीन सवयी लागतात: थांबून पाहणं, आलेली वाट ध्यानात ठेवणं आणि वाट चुकलीच तर जागचं न हलणं. सांगून या सवयी लागत नाहीत. खेळात लागतात, कारण खेळात लक्ष नसलं की डाव जातो, राज्य येतं, आणि पुढच्या वेळी मूल आपणहून डोळे उघडे ठेवतं. लपाछपी, आंधळी कोशिंबीर, चोर-पोलीस आपल्याकडे आहेतच. त्यांत थोडा बदल केला की ते रानात उत्तम कामाला येतात.

पहिल्याच वेळी ताम्हिणी किंवा भीमाशंकर नको. पुण्यात वेताळ टेकडी किंवा तळजाई, मुंबईत बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, गावाकडे असाल तर ओढ्याकाठची झाडी पुरेशी आहे. अभयारण्यात वेळा आणि वाटा वनखात्यानं ठरवून दिलेल्या असतात, तिथून बी किंवा पीससुद्धा आणायचं नसतं. देवराईत जाणार असाल तर आधी गावात विचारा. काही ठिकाणी पायताण काढूनच आत जातात. देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, हा नियम गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला म्हणून तिथली जुनी झाडं आज उभी आहेत. मुलांना हे कारणासकट सांगितलं तर ती नियम पाळतात, आणि मोठ्या माणसानं पान तोडलं तर त्यालाही टोकतात.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला. पावसाळ्यात निसरडं असतं आणि वर डोंगरात पाऊस झाला की खालचा ओढा पाहता पाहता फुगतो. उन्हाळ्यात जायचं तर भल्या सकाळी जा आणि दहाच्या आत परत या.

सुरुवात झाडापासून करा. मुलांच्या जोड्या लावा, एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. दुसऱ्यानं त्याचा हात धरून, दोन-तीन गिरक्या घालून, वीस-पंचवीस पावलांवरच्या एखाद्या झाडापाशी न्यायचं. डोळे बांधलेल्यानं ते झाड हातांनी ओळखून घ्यायचं: कवेत मावतं का, साल कुठे सुटली आहे, बुंध्याशी मूळ वर आलं आहे का, वास येतो का. मग आडवळणानं परत यायचं, रुमाल सोडायचा आणि आपलं झाड शोधायचं. जोसेफ कॉर्नेल या अमेरिकी निसर्गशिक्षकानं १९७९ सालच्या आपल्या पुस्तकातून हा खेळ जगभर नेला. सह्याद्रीत तो विशेष रंगतो, कारण इथल्या सालींत फार फरक आहे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत आणि हाताला गार लागणारी, कांडोळाची पांढुरकी, कागदी पापुद्रे सुटणारी. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर मात्र जाड काटे असतात आणि काही बुंध्यांवर मुंग्यांची रांग असते, म्हणून झाडं आधी स्वतः हात लावून निवडा.

रुमाल सुटल्यावर मुलं काय करतात ते नीट पाहा. आधी चार दिशांना नजर फिरवतात, गोंधळतात, मग कुणी न सांगता पुन्हा डोळे मिटतात आणि एकेका झाडाला मिठी मारत जातात. शेवटी एका झाडापाशी थांबतात आणि कुठल्याशा गाठीवर बोट ठेवून ‘हेच!’ म्हणून ओरडतात. त्या मुलाला झाडाचं नाव अजून माहीत नसतं. पण ‘हे कुठलं झाड?’ असं ते आता स्वतःहून विचारतं, आणि नाव सांगण्याची खरी वेळ तीच.

दुसरा खेळ नजरेचा. रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत, आजच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात जन्मला. त्याच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीत सिमल्याचा एक रत्नांचा व्यापारी ताटातली रत्नं किमला थोडा वेळ दाखवतो, झाकतो आणि काय पाहिलंस ते सांग म्हणतो. बालवीर चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल यानं हा खेळ आपल्या बालवीरांसाठी उचलला आणि तो किमचा खेळ म्हणूनच ओळखला जातो. रानात तो असा खेळा. खाली पडलेल्या दहा वस्तू पंचावर मांडा: बेहड्याचं फळ, ऐनाचं पाच पंखांचं फळ, सावरीचा कापूस, गोगलगायीचा रिकामा शंख, किड्यानं जाळी केलेलं पान. अर्धा मिनिट दाखवा आणि झाका. मुलांनी नावं सांगायची नाहीत. तशाच वस्तू आसपास शोधून आणायच्या. शोधताना कळतं की बेहडा फक्त बेहड्याखालीच सापडतो, म्हणजे वस्तू शोधायची तर आधी वर पाहून झाड शोधावं लागतं. खेळ संपला की सगळं जिथलं तिथे. अभयारण्यात हा खेळ खेळायचा असेल तर वस्तू उचलूच नका, जमिनीवरच एक चौकोन आखून तो पाहा.

कानांच्या खेळाला एक कागद आणि पेन्सिल पुरते. प्रत्येक मूल एकेकटं बसतं, मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. कागदाच्या मध्यभागी फुली, ती आपली जागा. आवाज ज्या बाजूनं येईल त्या बाजूला खूण करायची, जवळचा जवळ, लांबचा लांब. तांबटाची टुक-टुक, भारद्वाजाचा घुमणारा हुंकार, सागाच्या वाळक्या पानावरून पळालेला सरडा, दूरच्या रस्त्यावरचा ट्रक. लहानांना पाच मिनिटं पुष्कळ झाली, मोठ्यांना दहा. नंतर कागद एकमेकांशी जुळवले की तोच पक्षी कुणाच्या उजवीकडे आणि कुणाच्या मागे निघतो. आवाजावरून दिशा काढणं इथे सुरू होतं. यालाच जोडून दबकत चालण्याचा खेळ घ्या: डोळे बांधलेल्या ‘खजिनदारा’पुढे किल्ल्यांचा जुडगा ठेवायचा, बाकीच्यांनी पानांवरून आवाज न करता येऊन तो पळवायचा, खजिनदारानं आवाजाकडे बोट दाखवलं की आवाज करणारा बाद. पाऊल बाहेरच्या कडेनं टेकवून मग हळूच भार टाकायचा, ही युक्ती मुलं दुसऱ्या-तिसऱ्या डावात आपली आपणच शोधतात.

रात्री मुक्काम असेल तर संध्याकाळी मळ्याजवळ किंवा पायवाटेच्या कडेला हातभर लांब-रुंद जागेवरचे खडे काढा, माती भुसभुशीत करा आणि हातानं सपाट करा. सकाळी सगळ्यांनी मिळून ती बघायला जायचं. ससा, मुंगूस, मोर, तित्तीर, कुत्रा, कुणी ना कुणी त्यावरून गेलेलं असतं. ठसा गोल असून नखं उमटलेली नसतील तर मांजराच्या कुळातलं जनावर, कारण चालताना ही जनावरं नखं आत घेतात. नखांच्या खुणा दिसल्या तर कुत्रा, कोल्हा किंवा तरस. नाव लगेच सांगू नका. कुठून आलं, कुठे गेलं, थांबलं का, धावत होतं का, हे मुलांना ठरवू द्या. दोन मुलांची उत्तरं वेगळी आली आणि ती गुडघ्यांवर बसून ठशावरून भांडायला लागली, की तुमचं काम झालं असं समजा.

आता वाटेचा भाग. मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या डोंगरांत वाट चुकते ती बहुधा ढोरवाटेनं. गुरांच्या पायांनी पडलेली वाट माणसांच्या वाटेइतकीच ठळक दिसते, पण चरत चरत गेलेल्या गुरांना कुठे पोचायचं नसतं. ती वाट फुटत जाते आणि एखाद्या कारवीच्या जाळीत संपते. शिवाय जाताना पाहिलेली वाट येताना वेगळीच दिसते. म्हणून चालताना ‘मागे वळा’ हा खेळ लावून द्या. म्होरक्या मुलानं अधूनमधून हाळी दिली की सगळ्यांनी जागच्या जागी वळायचं आणि परतताना ओळखू येईल अशी एक खूण ठरवून तिला नाव द्यायचं. वाकडा आंबा, तीन दगड, बाबांची घसरगुंडी, काहीही. जिथे वाटेला फाटा फुटतो तिथे तर थांबायचंच, आणि कुठल्या फाट्यानं आलो ते सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं. परतताना मोठ्यांनी सगळ्यात मागे राहायचं आणि वाट मुलांनी काढायची. चुकले तर लगेच टोकू नका, तुम्हाला जागा ठाऊक आहे तोवर पन्नास पावलं जाऊ द्या. ‘मघाशी इथे तीन दगड होते ना?’ हा प्रश्न त्यांच्यातूनच यायला हवा. घरी आल्यावर त्याच नावांनी नकाशा काढायला लावा. डोंगरातल्या गुराख्यांची आणि धनगरांची ठिकाणांना नावं देण्याची रीत हीच आहे.

रानात माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, तेव्हा गावाकडे चकवा लागला म्हणतात. त्यात भुताखेताचं काही नाही, हे मुलांना पटवून द्या. जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना मोठ्या जंगलात सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि त्यांचा माग उपग्रहांच्या मदतीनं टिपला. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सूर्य दिसत होता तोवर माणसं बरीचशी सरळ चालली. आभाळ भरून आलं तेव्हा ती गोल फिरली आणि आपलीच वाट ओलांडत राहिली, तीही आपण सरळच चाललो आहोत असं समजून. मोकळ्या मैदानात डोळे बांधून मुलांना दूरच्या झाडाकडे चालायला लावा, प्रत्येक मूल कुठल्या तरी एका बाजूला वळत जातं. एकदा हे स्वतःच्या बाबतीत पाहिलं की ‘मला वाटतं रस्ता इकडेच आहे’ या वाक्यावर ती भाबडेपणानं विसंबत नाहीत.

दिशा शिकवताना परदेशी पुस्तकांपासून सावध राहा. झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळ असतं हा नियम थंड देशांतला. आपल्या घाटात पावसाळ्यात शेवाळ चारी बाजूंनी चढतं. दुपारची सावली उत्तरेला पडते हेही इथे वर्षभर खरं नाही. मेच्या मध्यापासून जवळजवळ जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो आणि सावली दक्षिणेला पडते. त्यापेक्षा काठीचा खेळ घ्या. मोकळ्या सपाट जागी हातभर काठी उभी रोवा, सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. वीस मिनिटं दुसरा खेळ खेळा. परत येऊन सावलीच्या नव्या टोकाशी दुसरा खडा ठेवा. पहिला खडा पश्चिमेचा, दुसरा पूर्वेचा. खडा ठेवण्याआधी सावली कुठवर सरकेल यावर मुलांना पैज लावू द्या, म्हणजे वीस मिनिटं संपण्याची वाट तीच बघतील. रात्री ध्रुवतारा दाखवा. तो फार वर नसतो. हात ताणून एकावर एक धरलेल्या दोन मुठी क्षितिजावर ठेवा, त्याहून किंचित खाली तो सापडतो. हिवाळ्यातल्या संध्याकाळी शर्मिष्ठेवरून आणि उन्हाळ्यात सप्तर्षींवरून तो शोधता येतो. उत्तरेला डोंगर आडवा असेल तर दिसणारच नाही, हेही सांगून टाका.

आणखी एक परदेशी सल्ला मुलांच्या डोक्यातून काढून टाका: हरवलात तर ओढ्याच्या कडेनं खाली उतरा, वस्ती लागेल. घाटमाथ्यावर असा ओढा कोकणकड्यावर जाऊन संपतो. पावसाळ्यात जिथे धबधबे दिसतात, तिथेच हे ओढे सरळ खाली पडतात. चुकलेल्या मुलानं खाली उतरायचं नाही, शॉर्टकट घ्यायचा नाही. जागेवर राहायचं.

याचाही खेळ करता येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पालोमार डोंगरावर १९८१ साली नऊ वर्षांचा एक मुलगा हरवला आणि तो जिवंत सापडला नाही. त्याच्या शोधात भाग घेतलेल्यांनी नंतर शाळाशाळांतून मुलांना एकच गोष्ट शिकवायला सुरुवात केली: हरवलास की झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. लपाछपीत हा नियम आणा. लपलेल्यांपैकी एकाला चिठ्ठी देऊन ‘हरवलेला’ करा. त्यानं एक झाड धरून बसायचं, शिट्टी तीनदा वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. बाकीच्यांनी शोधताना हाका मारायच्या आणि मध्ये थांबून ऐकायचं. एकसारखा आरडाओरडा केला तर शिट्टी ऐकू येत नाही, हे पहिल्याच डावात सगळ्यांना कळतं. झाड निवडताना खाली उंच गवत नको, वर मधमाश्यांचं पोळं नको, आणि ढग गडगडत असतील तर माळावरचं एकटं उंच झाड नको.

या खेळाबरोबर दोन गोष्टी शब्दांत सांगायलाच हव्यात. अनोळखी माणसाशी बोलू नको असं आपण मुलांना रोज बजावतो; रानात हरवल्यावर मात्र नावानं हाक मारत आलेल्या माणसाला ओ द्यायची. दुसरी गोष्ट, हरवलास म्हणून तुला कुणी रागावणार नाही. मार बसेल या भीतीनं मुलं शोधायला आलेल्यांपासूनही लपून बसतात. हे वचन द्या आणि पाळा.

धोक्यांची यादी लांबवून मुलांना घाबरवू नका, पण चार-पाच गोष्टी प्रत्यक्ष दाखवून ओळखीच्या करून द्या. खाजकुइलीच्या शेंगांवरची भुरी लव पावसाळ्यानंतर अंगाला लागली तर खाजून जीव नको होतो. तेव्हा चोळायचं नाही. चिकटपट्टीनं लव उचलून काढायची आणि मग धुवायचं. बिब्ब्याच्या फळातलं तेल कातडी भाजतं. गुंजेचं लाल-काळं बी कितीही सुंदर दिसलं तरी चावायचं नाही, ते विषारी असतं. जाणत्या माणसानं हातावर ठेवल्याशिवाय काहीच तोंडात घालायचं नाही, करवंदसुद्धा. कड्यावर किंवा उंच झाडावर आग्यामोहोळ असेल तिथे दगड नाही, धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

सापांच्या बाबतीत नियम एकच: जिथे नजर पोचत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांची चित्रं घरीच दाखवून ठेवा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. बांगड्या-अंगठ्या काढा, दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा, मुलाला चालवू नका आणि सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात थेट न्या. त्यासाठी असं रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधीच माहीत हवं. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनखात्याच्या मदतीसाठी १९२६ हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या, आणि रेंज कुठवर मिळते तेही जाताना बघून ठेवा.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात दिवस मावळायच्या आत परता. लहान मुलं मध्ये, एक मोठा माणूस पुढे, एक मागे. झाडामागे एकट्यानं कुणी जायचं नाही, जोडीदार बरोबर हवाच.

मुलाजवळ काय असावं? गळ्यात शिट्टी, पाण्याची बाटली, पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, लालभडक किंवा पिवळीधमक टोपी, खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. बाकी सामान मोठ्यांच्या पाठीवर. मुलींना ‘तू मागे थांब, पडशील’ म्हणायची सवय अजून पुष्कळ घरांत आहे. रानात ती अजिबात नको. म्होरकेपणाची पाळी सगळ्यांवर सारखी यायला हवी.

मोठ्यांसाठी मात्र एक कडक नियम आहे आणि तो पाळणं मुलांच्या कुठल्याही खेळाहून अवघड जातं. बोलणं कमी करा. पक्षी दिसला की लगेच नाव, झाड दिसलं की लगेच औषधी उपयोग, ठसा दिसला की लगेच गोष्ट, असं केलं की मुलं तुमच्या तोंडाकडे बघत बसतात आणि रान बाजूला राहतं. उत्तर माहीत असलं तरी थोडं थांबा. ‘तुला काय दिसतं?’ एवढंच विचारा. फोटोही परतीच्या वाटेवर काढा. एका सकाळी दोन किंवा तीन खेळ बस्स, मधला वेळ मुलांना मोकळा सोडा. एखादं मूल अर्धा तास मुंग्यांची रांग बघत बसलं असेल तर त्याला खेळायला ओढू नका.

शेवटची विनंती. जिथे जाल तिथल्या गावातला एखादा गुराखी, आजीबाई किंवा शाळेत जाणारा मोठा मुलगा-मुलगी वाटाड्या म्हणून बरोबर घ्या आणि त्यांच्या वेळेचे रीतसर पैसे द्या. कुठल्या ओढ्याला पाणी आहे, आग्यामोहोळ यंदा कुठे बसलं आहे, कुठली वाट ढोरवाट आहे, हे त्यांना माहीत असतं आणि ते कुठल्याही पुस्तकात नसतं. निघताना गावातल्या एका घरी, कुठे जातो, किती जण आहोत आणि कधी परतणार हे सांगून जा. परत आल्यावर त्याच घरी जाऊन आलो म्हणून सांगा, आणि ते सांगण्याचं काम मुलांवर सोपवा.